रिलॅक्सर सोडून स्वतःच्या केसांकडे परतताना मनाची तयारी

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे यजमान आफ्रिकन अमेरिकन, तुम्ही मूळच्या पुण्याच्या, सतरा वर्षांच्या लेकीच्या केसांना नवव्या वर्षापासून दर सात-आठ आठवड्यांनी रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारे रसायन, लावला जात होता, डिसेंबरमध्ये तिने तो स्वतःहून थांबवला, आणि आता बारा आठवड्यांनी ती आरशापुढे उभी राहून रडते, केस पुन्हा सरळ करून घेऊ का असे विचारते. तिची वडिलांकडची आजी ‘हो’ म्हणते, ऑगस्टअखेर मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात जाणार आहे, आणि तिच्यात आत्मविश्वास कसा आणावा हे तुम्हाला समजत नाही. मी न्यू जर्सीत त्वचा आणि केसांच्या विकारांची डॉक्टर म्हणून बावीस वर्षे काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रिया असतात, आणि औषधांपलीकडचे जे काही मला या विषयात कळते ते बहुतांशी त्यांनीच मला शिकवले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की आधी आत्मविश्वास गोळा करायचा आणि मग केसांना हात घालायचा, या वाटेने गेलेल्या बहुतेक जणी मध्येच परत फिरतात. ज्यांची आपल्या केसांशी आधी ओळख होते, ज्यांचे हात त्या केसांना सरावतात, त्यांच्यात विश्वास मागाहून आपोआप येतो. तुमच्या लेकीची ही ओळख अजून झालेलीच नाही, आणि ती का झाली नाही हे रिलॅक्सरचे काम समजून घेतल्यावर लक्षात येईल.

रिलॅक्सरमधला मुख्य घटक बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतो, म्हणजे साबण तयार करताना वापरतात तोच कॉस्टिक सोडा. जो ‘सौम्य’ म्हणून विकला जातो त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडिन कार्बोनेट एकत्र केलेले असते, आणि तोही तीव्र अल्कलीच असतो. केसाचे वळण टिकवून धरणारे गंधकाचे बंध तो तोडतो, आणि केसाचा जो भाग एकदा सरळ झाला तो पुन्हा कधीही कुरळा होत नाही. मात्र वळण ठरते ते टाळूच्या आत, मुळात स्वतःच वाकलेल्या केशकूपात. तिथून येणारा प्रत्येक नवा केस वळण घेऊनच येतो, म्हणून तर दर सात-आठ आठवड्यांनी मुळांशी पुन्हा रिलॅक्सर लावावा लागतो. आता तुमच्या लेकीच्या बाजूने विचार करा. आठ वर्षे तिचा स्वतःचा केस जेमतेम दोन सेंटिमीटर वाढला की ‘मुळे दिसायला लागली’ असे घरात कोणीतरी म्हणे, आणि गळके छप्पर दुरुस्त करायला माणूस बोलवावा तशी सलूनची वेळ घेतली जाई. स्वतःचा केस तिने नेहमी दुरुस्त करायची गोष्ट म्हणूनच पाहिला आहे. त्या केसाची लांबी काय, तो पाण्यात कसा दिसतो, कोरडा झाल्यावर किती आखडतो, हे तिला सतराव्या वर्षी प्रथमच दिसते आहे, आणि तेही अर्ध्यामुर्ध्या अवस्थेत.

ही अर्धीमुर्धी अवस्था दिसायला खरोखरच कठीण असते, हे तिला मोकळेपणाने सांगा. गेल्या वर्षी माझ्याकडे चाळिशी ओलांडलेली एक परिचारिका आली होती. रिलॅक्सर सोडून चार महिने झाले होते, विग घालूनच ती घराबाहेर पडत असे, आणि ‘माझे खरे केस हातात येताहेत, ते माझ्या डोक्यावर टिकणारच नाहीत’ अशी तिची खात्री झाली होती. तिचा एक गळलेला केस मी पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाखाली दाखवला. टाळूकडचा भाग बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखा वळलेला होता, पुढचा भाग शिवणाच्या दोऱ्यासारखा सरळ आणि निस्तेज होता, आणि जिथे दोन्ही भाग मिळतात तिथे एक पांढुरका बिंदू होता. केस त्या बिंदूपाशी तुटायला आला होता. तिने नखाने वळलेला भाग ताणला, सोडला, तो झटकन पूर्ववत झाला. तिने तो तीन-चार वेळा ताणून पाहिला आणि विचारले, ‘हा एवढा मजबूत भाग माझा आहे?’ तो कागद घडी करून ती पर्समधून घेऊन गेली. तिच्या हातात येत होता तो जुना, रसायनाने पातळ झालेला केस. नवा केस शाबूत होता. तुमच्या लेकीला हा एक केस दाखवा. साधे भिंग पुरते, मोबाइलचा कॅमेराही चालतो. जुन्या आणि नव्या केसाच्या सांध्यापाशी केस सर्वांत नाजूक असतो आणि या काळात तुटतो तो बहुधा तिथेच, एवढे कळले तरी ‘माझे केस वाईट आहेत’ या समजुतीचा निम्मा आधार निघून जातो.

दुसरी फसगत लांबीची. हे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे बारा आठवड्यांत तिला जवळजवळ तीन सेंटिमीटर नवा केस मिळाला आहे. पण घट्ट वळणाचा केस वाळला की आखडतो, इतका की काहींच्या बाबतीत खऱ्या लांबीच्या पाव भागाएवढाच दिसतो. त्यामुळे आरशात तिला एक सेंटिमीटरही धड दिसत नसेल आणि वाढ खुंटली असे वाटत असेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी कानामागची एकच बट ओली करून, हलकेच ताणून, पट्टीने मोजा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आरसा रोज पाहिल्याने धीर खचतो, कारण रोजच्या रोज फरक दिसत नाही. कॅलेंडरवर तो दिसतो. माझ्या अनुभवात या एका सवयीने जेवढ्या जणींना तग धरायला मदत केली, तेवढी कोणत्याही क्रीमने केलेली नाही.

आता थोडे तुमच्याविषयी, आणि हे मी आपुलकीने लिहिते आहे. आपल्या मराठीत केसांच्या कौतुकाचे शब्द कोणते, ते आठवून पाहा: लांबसडक, काळेभोर, रेशमी, मुलायम, चापूनचोपून बसवलेले. नापसंतीचे शब्द: पिंजारलेले, विस्कटलेले, राठ, झिपऱ्या. तुमच्या लेकीचे केस पहिल्या यादीतल्या एकाच शब्दात, काळेभोरमध्ये, बसतील. दुसरी यादी मात्र तिने लहानपणापासून घरात, पुण्याच्या सुट्टीत, व्हिडिओ कॉलवर ऐकलेली असेल. ‘अगं, केस आवर जरा’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण त्यात केस म्हणजे आवरायची वस्तू हे गृहीतच असते, आणि तिचे केस आपण म्हणतो तसे आवरले जातच नाहीत. तुम्ही शब्द बदला. दाट, भरगच्च, घट्ट वळणाचे असे साधे, खरे शब्द वापरा. उठता-बसता ‘किती सुंदर दिसतेस’ असेही म्हणू नका; सतरा वर्षांच्या मुलीला समजूत घालणे आणि पाहणे यांतला फरक नेमका कळतो. ‘मागची बाजू आज मऊ लागते आहे’, ‘कानाजवळची वळणे मोठी आहेत, माथ्यावरची बारीक आहेत’ असे जे खरोखर दिसेल तेच बोला. कोणीतरी आपल्या केसांकडे दोष शोधण्यासाठी नव्हे तर कुतूहलाने बघते आहे, हा अनुभव तिला बहुधा नवा असेल.

आजींचा ‘हो’ तुम्हाला खटकला असेल, पण त्यांच्या ‘हो’मागे मोठा इतिहास आहे आणि त्यांना दूर ठेवून हे काम नीट होणार नाही. या देशात कृष्णवर्णीय स्त्रीच्या केसांवर बाहेरच्यांनी हुकूम चालवणे फार जुने आहे. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना डोके कापडाने झाकण्याचा आदेश काढला होता. त्या स्त्रियांनी तेच कापड इतक्या ऐटीने बांधले की तो आदेशच अलंकार होऊन बसला. पण अशी ऐट प्रत्येकीला परवडत नव्हती. साठच्या दशकात ‘अफ्रो’, म्हणजे डोक्याभोवती नैसर्गिकपणे फुललेले मोकळे केस, अभिमानाची खूण झाला, तरी नोकरीच्या ठिकाणी सरळ केस हा अलिखित गणवेशच राहिला. १९८१ मध्ये विमानतळावर काम करणाऱ्या रेनी रॉजर्स यांनी डोक्यालगत घातलेल्या बारीक वेण्यांवरच्या बंदीविरुद्ध अमेरिकन एअरलाइन्सवर खटला भरला, तेव्हा न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला होता. आजींच्या पिढीने गॅसवर तापवलेल्या लोखंडी कंगव्याचे चटके कानांवर सोसले, कारण त्या चटक्यांमागे पगार आणि मान होता. नातीचे केस सरळ असावेत हा त्यांचा आग्रह तिच्या रक्षणासाठी आहे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना त्यांच्या लहानपणीच्या केसांविषयी विचारा, आणि लेकीला तिथेच बसू द्या.

आणखी एक मागणे त्यांच्याकडे करा. कृष्णवर्णीय घरांत आजी सोफ्यावर बसते, नात जमिनीवर तिच्या दोन गुडघ्यांमध्ये, आणि आजी केसांचे भाग पाडून टाळूला तेल लावते. आपल्याकडे शाळेत जाण्याआधी आजीच्या पुढ्यात बसून दोन वेण्या घालून घेतलेल्या बाईला हे दृश्य परके वाटणार नाही. तुम्ही दोघी या एका चित्रात एकमेकींना भेटू शकता. आजींच्या बोटांना हे केस ठाऊक आहेत, आणि त्यांचा ‘हो’ त्या बोटांच्या मार्गाने बदलताना मी अनेक घरांत पाहिला आहे.

बाहेरचे जग कसे वागेल याविषयी लेकीला खोटा दिलासा देऊ नये. कोणी टक लावून बघेल, कोणी न विचारता केसांना हात लावेल, कोणी ‘आधीचे छान होते’ म्हणेल. आपल्याच राज्यात डिसेंबर २०१८ मध्ये शालेय कुस्तीच्या सामन्यात सोळा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला ‘लॉक्स (केसांच्या पिळदार, घट्ट बटा) काप, नाहीतर सामना सोड’ असे पंचाने सांगितले आणि आखाड्याशेजारीच त्याचे केस कापले गेले. बरोबर एका वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ रोजी, न्यू जर्सीत क्राउन कायद्यावर स्वाक्षरी झाली. नैसर्गिक केस, वेण्या किंवा लॉक्स यांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करणे तेव्हापासून इथे बेकायदा आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्नियाने असा कायदा सर्वप्रथम केला होता आणि पुढे वीसहून अधिक राज्यांनी तो स्वीकारला; संपूर्ण देशासाठीचे विधेयक मात्र २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडकले. तिचे कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर तिथला कायदा आधीच पाहून ठेवा. आपला हक्क माहीत असलेल्या मुलीची पाठ ताठ राहते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन लॉक्स घालून त्या आसनावर बसतात, हे तिला ठाऊक असेलच. ते आजींच्या उपस्थितीत एकदा बोलले जाऊ द्या.

लॉक्सचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या नातेवाइकांसाठी एक खुलासा. लॉक्स पाहून आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना जट आठवते, आणि जटेला आपल्याकडे दुःखाचा इतिहास आहे: केसांत गुंता झाला की देवीचे बोलावणे समजून बाईला देवाला वाहिले जाई, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना अशा स्त्रियांची समजूत घालून त्या जटा कापाव्या लागल्या. लॉक्स या स्वेच्छेने, भाग पाडून, नियमित धुऊन राखलेल्या बटा असतात. लेकीने कधी तो मार्ग निवडला तर हे समजावण्याचे काम तुमचे, तिचे नव्हे.

माझी एक चूक सांगते. पहिल्या काही वर्षांत एका तरुणीला, ती रडत असताना, मी म्हटले होते, ‘अहो, केसच आहेत, वाढतील.’ ती सभ्यपणे उठली आणि पुन्हा आली ती वर्षभराने, तोवर माथ्यावरचा आजार बराच पुढे गेलेला होता. ज्या समाजात केसांवरून नोकऱ्या गेल्या, मुलांना वर्गाबाहेर काढले गेले, तिथे ‘केसच आहेत’ हे वाक्य अज्ञानातून येते आणि ऐकणारीला एकटे पाडते. तुमची लेक रडते तेव्हा तिच्याजवळ बसा. रडणे आणि निर्धार एकाच मुलीत एकाच वेळी असू शकतात. तिने डिसेंबरमध्ये कोणी न सांगता निर्णय घेतला, हे मला तिच्या रडण्याहून अधिक बोलके वाटते.

प्रत्यक्ष काम शनिवारी करा आणि त्यासाठी दोन-अडीच तास मोकळे ठेवा. केस कोरडे विंचरण्याची आपली सवय इथे पूर्ण विसरा. कोमट पाण्याने केस भिजवून चार भाग करा, तीन भाग चापांनी बांधून ठेवा, उरलेल्या भागाला भरपूर कंडिशनर लावा आणि आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे अशा क्रमाने गुंता सोडवा. बारीक ‘कट्’ असा आवाज आला की थांबा; तो केस तुटल्याचा आवाज आहे. टाळूचे नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून हे केस कोरडे पडतात आणि त्यांना मुख्य गरज पाण्याची असते. तेल नंतर, ते पाणी टिकवण्यासाठी. तुमचे खोबरेल तेल इथे उपयोगी आहे, पण धुण्याआधी: ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे. पहिले दोन शनिवार तुम्ही करा, तिसऱ्या शनिवारी एक भाग तिला द्या, महिन्याभरात चारही भाग तिच्या हाती जाऊ द्या. वसतिगृहात तुम्ही नसाल. तिथे तिला आपल्याला हे करता येते एवढीच गोष्ट धीर देईल.

तुम्ही कर्करोगाविषयीही विचारले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ३३,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, केस सरळ करणारी रसायने वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण ४.०५ टक्के, तर न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा परस्परसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही; तरीही माझ्या मते तो गांभीर्याने घ्यावा इतका ठळक आहे. लेकीला हे एकदा शांतपणे सांगा आणि पुन्हा पुन्हा उगाळू नका. भीतीने रिलॅक्सर सोडलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. पहिल्या लग्नसमारंभापर्यंत त्यांची भीती पुरते, मग ओसरते. शिवाय आठ वर्षे तिच्या केसांना ते लावून घेणारे हात तुमचेच होते, आणि या विषयावर फार बोललात तर तुमची अपराधी भावना तिला सांभाळत बसावी लागेल.

मोबाइलवर ती ज्या मुलींचे व्हिडिओ पाहते त्यांचे वळण तिच्या वळणासारखे आहे का, हे एकदा तपासा. मोकळ्या, मोठ्या वळणाच्या केसांची तंत्रे सर्वांत घट्ट वळणाच्या केसांवर तशी उतरत नाहीत, आणि मग दोष केसांना दिला जातो.

काही गोष्टी मात्र मनाच्या तयारीने सुटत नाहीत. माथ्याच्या मध्यभागी केस विरळ होत असतील, तिथे जळजळ, खाज किंवा दुखरेपणा असेल, तर तो व्रण ठेवून केस घालवणारा आजार असू शकतो आणि त्यात उशीर परवडत नाही. कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस मागे सरकत असतील तर वेण्या फार घट्ट घातल्या जात आहेत. बारीक वेण्या घालून आल्यावर वेदनाशामक गोळी घ्यावी लागणे ही रीत समजली जाते. डोके दुखले तर त्या वेण्या त्याच दिवशी सैल करून घ्याव्यात.

शेवटी कापण्याचा प्रश्न. जुना सरळ भाग एकदम कापून टाकायचा की हळूहळू, याचे उत्तर तिनेच द्यावे, पण माझे मत विचाराल तर जूनच्या मध्यावर कापणे चांगले. तोवर नवा केस साधारण सहा-सात सेंटिमीटर झालेला असेल, तो हातात धरता येईल, आणि आखूड केसांचा आपला चेहरा तिला आधी घरात, ओळखीच्या माणसांत, दोन महिने बघायला मिळेल. वसतिगृहात जाण्याच्या आदल्या आठवड्यात कापू नका. कापताना केस ओले असावेत, म्हणजे सांधा स्पष्ट दिसतो. पहिली बट तिला स्वतःला कापू द्या, आणि आजींना त्या दिवशी घरी बोलवा. कापल्यानंतरचा दिवस बहुतेकींचा आनंदात जातो. जड जाते ती दुसरी सकाळ, कारण झोपेत एका बाजूचे केस दबून चपटे झालेले असतात आणि आरशातली मुलगी अनोळखी वाटते. त्या रात्री सॅटिनची टोपी घालून झोपू द्या आणि नळाखाली भरलेली पाण्याची फवारणीची बाटली तिच्या उशाशी ठेवा. दबलेल्या बाजूवर चार-पाच फवारे मारले की वळणे एका मिनिटात पुन्हा उभी राहतात. हे तिला आदल्या दिवशीच एकदा करून दाखवा.